४.००१६ : चौथ्या दशांश स्थळावर अडलेला अणू

या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना आकडे निसटून जातात, म्हणून इथे ते नीट मांडून लिहिलेत. फोन हातात असेलच, तर कॅल्क्युलेटर उघडून ठेवा. दोन-तीनदा लागणार आहे.

बारावीला फिजिक्स घेतलेल्या प्रत्येकानं हे सूत्र घोकलेलं असतं. हायड्रोजनमधल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा म्हणजे उणे १३.६ भागिले पातळीच्या क्रमांकाचा वर्ग, एकक इलेक्ट्रॉन व्होल्ट. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली आला की दोन पातळ्यांतल्या फरकाएवढी ऊर्जा फोटॉन होऊन बाहेर पडते. केंद्रकात एकाऐवजी दोन प्रोटॉन असतील आणि भोवती इलेक्ट्रॉन मात्र एकच, तर १३.६ ला दोनच्या वर्गानं, म्हणजे चारनं गुणायचं. तीन प्रोटॉन असतील तर नऊनं. झालं. तीन मार्क.

पुस्तकात हे इतकं सरळ येतं की यावर कधी भांडण झालं असेल असं वाटतच नाही. पण १९१३ च्या शरद ऋतूत 'नेचर' साप्ताहिकात दोन माणसं याच 'चार'वरून वाद घालत होती. एक होता वर्णपट मोजण्यात मुरलेला इंग्रज, आल्फ्रेड फाउलर. दुसरा नील्स बोर, कोपनहेगनचा, वय सत्तावीस. फाउलरचं म्हणणं होतं की तुझा चार बरोबर चार येत नाहीये. आणि फाउलरची मोजमापं चुकीची नव्हती.

थोडं मागे जाऊ.

हायड्रोजन वायू काचेच्या नळीत भरून वीज सोडली की त्यातून ठरावीक रंगांचाच प्रकाश येतो. डोळ्यांना दिसणाऱ्या ठळक रेषा चार: ६५६.३, ४८६.१, ४३४.० आणि ४१०.२ नॅनोमीटर. १८८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातले एक शाळामास्तर, योहान बाल्मर, यांनी या चार आकड्यांत एक नातं शोधलं. ३६४.५६ ला ३ चा वर्ग भागिले (३ चा वर्ग वजा ४) यानं गुणा. ६५६.२ येतं. ३ च्या जागी ४ घाला, ४८६.१ येतं. ५, ६ घालत जा, पुढच्या रेषा मिळत जातात. का मिळतात, हे बाल्मरना माहीत नव्हतं. आपण एखाद्या डेटाला फॉर्म्युला बसवतो, तसा त्यांनी बसवला होता. फक्त त्यांच्याकडे चार बिंदू होते आणि वय साठ होतं. त्याच वर्षी बोरचा जन्म झाला, हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा.

पुढे स्वीडनच्या यानेस रिडबर्गनं हेच सूत्र उलटवून सुटसुटीत केलं: तरंगलांबीचा व्यस्त म्हणजे एक स्थिरांक गुणिले दोन भिन्नांची वजाबाकी. त्या स्थिरांकाला आपण आजही रिडबर्गचा स्थिरांक म्हणतो. आपल्या गोष्टीत 'चार पट' म्हणजे याच स्थिरांकाची चार पट.

आता खरी भानगड. १८९६ मध्ये हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांना एका ताऱ्याच्या वर्णपटात विचित्र रेषा दिसल्या. तारा झीटा पप्पिस, दक्षिण आकाशातला. फोटो काढले होते हार्वर्डच्या पेरू देशातल्या आरेकिपा केंद्रावर. (तेव्हा या काचेच्या फोटोप्लेटा वाचायला हार्वर्डमध्ये बायका नोकरीला होत्या आणि त्यांच्या हुद्द्याचं नाव होतं 'कॉम्प्युटर'. आमच्या धंद्यातल्या मशीनचं नाव आधी माणसांचं होतं, हे मला फार आवडतं.) या नव्या रेषा हायड्रोजनच्या रेषांच्या मध्ये-मध्ये बसत होत्या. एक हायड्रोजनची, एक ही नवी, पुन्हा एक हायड्रोजनची, पुन्हा नवी. पिकरिंगनी बघितलं की बाल्मरच्या सूत्रात ३, ४, ५ च्या ऐवजी साडेतीन, साडेचार, साडेपाच घातले की त्या अचूक मिळतात.

म्हणजे हायड्रोजनच असणार, असा सगळ्यांनी निष्कर्ष काढला. सूत्र हायड्रोजनचं, ताऱ्यात हायड्रोजन भरपूर. जमिनीवर दिसत नाहीत कारण ताऱ्यातलं तापमान वेगळं. हा तर्क त्या वेळी अजिबात मूर्खपणाचा नव्हता. रिडबर्गनंही त्याच धर्तीवर गणित करून हायड्रोजनची आणखी एक मालिका असावी आणि तिची एक रेषा ४६८.८ नॅनोमीटरच्या आसपास पडावी असं सांगितलं. तशी एक रेषा ताऱ्यांत होतीही, ४६८.६ वर.

हेलियमचा कुणाला संशय का आला नाही? कारण हेलियम तेव्हा पृथ्वीवर जेमतेम वर्षभराचा पाहुणा होता. विल्यम रॅमसेनं तो १८९५ मध्ये एका खनिजातून वेगळा केला. त्याआधी सत्तावीस वर्षं तो फक्त सूर्याच्या वर्णपटातली एक पिवळी रेषा होता.

इथे कोकणातल्या मंडळींचा कान टवकारला असेल, म्हणून एक गोष्ट मिटवून टाकतो. विजयदुर्ग किल्ल्यावर दगडी ओटे दाखवतात आणि सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकयर या इंग्रजानं इथून हेलियम शोधला. लॉकयर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. ग्रहण बघायला फ्रान्सचा जान्सन आला होता, पण तो आंध्रातल्या गुंटूरला. लॉकयरनं दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधूनच, ग्रहण नसताना सूर्याच्या कडेचा वर्णपट बघितला आणि ती पिवळी रेषा नोंदवली. मात्र लॉकयर विजयदुर्गला आला होता हे खरं आहे. तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यानं तिथे तळ टाकला होता आणि 'मेल्पोमेनी' या युद्धनौकेचे खलाशी मदतीला घेतले होते. दोन ग्रहणं लोकांच्या आठवणीत एक झाली असावीत, असं मला वाटतं. किल्ल्याचा मान त्यानं कमी होत नाही.

लॉकयरला इथे आणण्याचं दुसरं कारण असं की आल्फ्रेड फाउलर हा त्याचाच शिष्य. लॉकयरच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम करत तो तयार झाला. वर्णपटातली रेषा बघून हे मूलद्रव्य कोणतं हे सांगण्यात त्याच्या तोडीचे लोक युरोपात फार नव्हते. १९१२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात त्यानं हायड्रोजन आणि हेलियम यांचं मिश्रण नळीत भरलं, जोरदार वीज सोडली, आणि ती ताऱ्यातली ४६८.६ ची रेषा पृथ्वीवर पहिल्यांदा नीट पकडली. सोबत तिच्या कुटुंबातल्या आणखी काही. त्यानं त्या हायड्रोजनच्या नावे जाहीर केल्या. हेलियम होता नळीत, पण पिकरिंग आणि रिडबर्ग दोघांचं गणित हायड्रोजन म्हणत होतं, तर हा कशाला वेगळं म्हणेल?

आणि मग काही महिन्यांत बोर.

बोरला फेब्रुवारी १९१३ पर्यंत बाल्मरचं सूत्र डोक्यात नव्हतं. रदरफर्डचा अणू, म्हणजे मध्ये जड केंद्रक आणि भोवती इलेक्ट्रॉन, तो कोसळत कसा नाही या प्रश्नात तो अडकला होता. कोपनहेगनमधला वर्णपटाचा अभ्यासक हान्स हान्सन यानं विचारलं, तुझ्या अणूतून वर्णपटाच्या रेषा कशा येतात? आणि बाल्मरचं सूत्र बघायला सांगितलं. त्यानंतर गाडी सुसाट सुटली. मार्च १९१३ च्या पहिल्या आठवड्यात बोरनं पहिल्या निबंधाचा मसुदा मँचेस्टरला रदरफर्डकडे पाठवला. रदरफर्डनं दोन तक्रारी केल्या. एक, फार लांबलंय. दुसरी जास्त खोल होती: इलेक्ट्रॉन वरून खाली येताना कोणत्या वारंवारतेचा प्रकाश सोडायचा हे ठरवतो कसं? म्हणजे आपण कुठे थांबणार हे त्याला आधीच ठाऊक असायला हवं! या प्रश्नाचं उत्तर बोरकडे नव्हतं. खरं तर त्यानंतर कितीतरी वर्षं कुणाकडेच नव्हतं.

म्हणून १९१३ मधल्या माणसाच्या जागी बसून बघा. एक तरुण सांगतोय की इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच फिरतो, तिथे फिरताना तो प्रकाश सोडत नाही, फक्त उडी मारताना सोडतो, आणि का ते विचारू नका. बदल्यात काय मिळतं? हायड्रोजनचं सूत्र. पण हायड्रोजनचं सूत्र तर बाल्मरनं आधीच दिलं होतं! उत्तर माहीत असताना गणित जुळवणं कुणालाही जमतं. रिडबर्गचा स्थिरांक इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारावरून, वस्तुमानावरून आणि प्लांकच्या स्थिरांकावरून काढून दाखवला ही मोठी गोष्ट होती, पण ते मूळ आकडेच तेव्हा इतक्या ढोबळपणे माहीत होते की 'जवळपास जुळतं' यापलीकडे काही म्हणता येत नव्हतं. आपल्या भाषेत सांगायचं तर ट्रेनिंग डेटावर बरोबर चाललं. टेस्ट कुठाय?

टेस्ट होती पिकरिंग आणि फाउलरच्या रेषांत. बोरच्या अणूत पातळ्यांना १, २, ३ असे क्रमांक असतात. साडेतीन नंबरची पातळी असूच शकत नाही. त्यामुळे त्या रेषा खरोखर हायड्रोजनच्या असत्या तर बोरचा अणू तिथेच निकालात निघाला असता. बोरनं काय केलं, तर सगळ्या क्रमांकांना दोननं गुणलं. साडेतीनचे सात झाले, साडेचारचे नऊ, आणि बाल्मरच्या सूत्रातल्या २ चे ४ झाले. वर्गामुळे बाहेर ४ हा गुणक आला. आणि हा ४ म्हणजे दोनचा वर्ग, केंद्रकावर दोन विद्युतभार. तो हेलियम आहे, एक इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम. त्याच्याकडे उरलेला इलेक्ट्रॉन एकच, म्हणून तो हायड्रोजनसारखा वागतो.

आता कॅल्क्युलेटर. १३.६ गुणिले ४, म्हणजे ५४.४. इलेक्ट्रॉन चौथ्या पातळीवरून तिसऱ्या पातळीवर येतोय. १/९ वजा १/१६ किती? ०.०४८६१. गुणाकार २.६४ इलेक्ट्रॉन व्होल्ट. १२४० ला या आकड्यानं भागा, तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते. साधारण ४६९. हीच फाउलरची ४६८.६ ची रेषा. फरक आहे तो आपण आकडे गोल केल्यामुळे. सातव्यावरून चौथ्यावर येऊ द्या, ५४१ च्या आसपास उत्तर येईल, ती पिकरिंगच्या ताऱ्यातली रेषा. सहाव्यावरून चौथ्यावर आणा आणि गंमत बघा: १.८९ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ६५६ नॅनोमीटर. हायड्रोजनची लाल रेषा! सम क्रमांकांवरून येणाऱ्या हेलियमच्या रेषा हायड्रोजनच्या रेषांवरच जाऊन बसतात, विषम क्रमांकांच्या तेवढ्या मध्ये उघड्या पडतात. सगळे फसले ते इथे.

बोरनं मँचेस्टरला विनंती केली, हे तपासा. रदरफर्डच्या प्रयोगशाळेत इव्हान्स नावाचा वर्णपटाचा माणूस होता. त्यानं हेलियम इतका शुद्ध केला की नळीत हायड्रोजनच्या नेहमीच्या रेषांचा मागमूस उरला नाही. ४६८.६ मात्र आली. ४ सप्टेंबर १९१३ च्या 'नेचर'मध्ये त्यानं ते छापलं.

तीन आठवड्यांनी फाउलरचं उत्तर आलं, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात प्रामाणिक क्षण हाच. त्याला सहज म्हणता आलं असतं की तुमच्या नळीत कुठेतरी हायड्रोजन लपला असेल. त्याऐवजी त्यानं आकडे काढले. बोरच्या म्हणण्यानुसार हेलियमचा स्थिरांक हायड्रोजनच्या बरोबर चार पट हवा. माझ्या मोजमापातून चार येत नाही, थोडा जास्त येतो. फरक फार छोटा, दहा हजारात चार भाग. पण ४६८.६ च्या रेषेवर तेवढा फरक म्हणजे जवळजवळ ०.१९ नॅनोमीटर, आणि फाउलर यापेक्षा कितीतरी बारीक मोजत होता. त्याच्यासारख्या माणसाच्या दृष्टीनं ही चूक डोळ्याआड करण्याजोगी नव्हतीच.

आपण काय केलं असतं? राउंड ऑफ. कोडमध्ये दोन दशांश संख्या ताडून बघताना आम्ही सरळ लिहितो, फरक अमुकपेक्षा कमी असेल तर समान समजा. ०.०००४ ला कुणी विचारत नाही.

बोरनं विचारलं. त्याचं उत्तर समजायला फुगडी आठवा. दोघी सारख्या वजनाच्या असतील तर दोघी सारख्याच गरगरतात. आजीनं नातीबरोबर फुगडी घातली तर नात मोठ्ठं वर्तुळ काढते आणि आजी जागच्या जागी थोडीशी हलते. थोडीशी, पण हलते. बोरनं पहिल्या हिशेबात केंद्रक खिळा ठोकल्यासारखं एका जागी धरलं होतं. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन फिरतो तेव्हा केंद्रकही किंचित फिरतं. हायड्रोजनचं केंद्रक इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड. हेलियमचं सुमारे ७२९४ पट. म्हणजे हेलियमची आजी जास्त जड आणि ती कमी हलते. दोघांच्या पातळ्या त्यामुळे थोड्या वेगवेगळ्या प्रमाणात सरकतात, आणि त्यांचं गुणोत्तर नेमकं चार राहत नाही.

पुन्हा कॅल्क्युलेटर. १ अधिक १/१८३६. त्याला भागा १ अधिक १/७२९४ नं. आलेल्या उत्तराला ४ नं गुणा.

४.००१६३.

फाउलरच्या मोजमापातून निघत होता ४.००१६. बोरनं हे 'नेचर'ला कळवलं, २३ ऑक्टोबरच्या अंकात छापून आलं. यात एकही आकडा जुळवून घेतलेला नव्हता. इलेक्ट्रॉनचं वजन, दोन केंद्रकांची वजनं, सगळं दुसऱ्यांनी दुसऱ्या कामासाठी मोजलेलं. ज्या फरकानं सिद्धांत पडायला हवा होता, तोच फरक सिद्धांतातून दशांशासकट बाहेर आला.

आइनस्टाइनला ही बातमी याच सप्टेंबरात व्हिएन्नाच्या एका परिषदेत कळली होती. सांगणारा होता बोरचा मित्र हेवेशी. त्यानं पत्रांत लिहून ठेवलंय की पिकरिंगच्या रेषा हेलियमच्या ठरल्या हे ऐकून आइनस्टाइनचे डोळे विस्फारले आणि तो म्हणाला की मग हा फार मोठा शोध आहे. नोंद घ्या, तोपर्यंत त्याला ही कल्पना फक्त रंजक वाटत होती. त्याला हलवलं ते इव्हान्सच्या हेलियमनं; चौथा दशांश अजून छापूनही यायचा होता.

फाउलरचं काय झालं? तो रुसून बसला नाही. पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, रॉयल सोसायटीपुढच्या बेकरियन व्याख्यानात त्यानं मॅग्नेशियमसारख्या मूलद्रव्यांच्या ठिणगीतल्या रेषा घेऊन दाखवलं की एक इलेक्ट्रॉन गेलेल्या अणूंच्या मालिकांतही तोच चौपट स्थिरांक सापडतो. म्हणजे बोरच्या बाजूचा भक्कम पुरावा विरोधकानंच गोळा करून दिला. आणि १९२० मध्ये एक बंगाली तरुण त्याच्या प्रयोगशाळेत काही महिने काम करायला आला, मेघनाद साहा. कोणत्या तापमानाला कोणत्या अणूचे इलेक्ट्रॉन सुटतात याचं समीकरण साहांनी मांडलं होतं. फाउलरकडे ताऱ्यांच्या वर्णपटांची माहिती होती. तिथे सुधारून लिहिलेला साहांचा निबंध फाउलरनंच रॉयल सोसायटीकडे पाठवला. झीटा पप्पिसमध्येच या रेषा का आणि आपल्या सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात का नाहीत, याचं उत्तर त्या समीकरणात आहे. हेलियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला २४.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, सूर्याचा पृष्ठभाग त्यासाठी फारच थंड आहे. झीटा पप्पिसचा चाळीस हजार अंशांच्या घरात आहे.

एक गोष्ट मात्र पुस्तकं घाईत सांगतात. हेलियमनं बोरला वाचवलं ते एक इलेक्ट्रॉन गमावून. दोन्ही इलेक्ट्रॉन जागेवर असलेला साधा हेलियम बोरच्या पद्धतीला कधीच सुटला नाही. दहा वर्षं लोकांनी डोकेफोड केली. १९२३ मध्ये बॉर्न आणि हायझेनबर्ग यांनी उत्तेजित हेलियमचं गणित जुन्या नियमांनी नेटानं करून पाहिलं, रेषा जुळल्या नाहीत. तोपर्यंत बोरला नोबेल मिळून वर्ष झालं होतं! एका इलेक्ट्रॉनपुरतंच चालणारं सूत्र, ज्यातल्या कक्षा पुढे क्वांटम मेकॅनिक्सनं रद्दच केल्या, आपण अजून शिकवतो. मला त्यात काही गैर वाटत नाही, फक्त 'एक इलेक्ट्रॉन' ही अट ठळक अक्षरांत छापावी.

आणि ती फुगडीची दुरुस्ती नंतर भलत्याच कामाला आली. १९३१ मध्ये हॅरॉल्ड युरे आणि त्याचे सहकारी दुप्पट वजनाचा हायड्रोजन शोधत होते. केंद्रक दुप्पट जड तर ते कमी हलणार, म्हणजे लाल रेषा ०.१८ नॅनोमीटरनं सरकलेली दिसणार, हे त्यांना आधीच काढता येत होतं. द्रव हायड्रोजन बाष्प करत करत उरलेला तळाचा भाग नळीत भरला आणि नेमकी त्या जागी अंधूक रेषा मिळाली. त्याला आपण ड्युटेरियम म्हणतो. युरेला १९३४ चं नोबेल मिळालं.

झीटा पप्पिस बघायला पेरूला जायची गरज नाही. मार्चच्या सुरुवातीला रात्री नऊ-दहाच्या सुमारास गावाकडे, दिव्यांपासून लांब, दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. व्याध ओळखता येतो, त्याच्या बराच खाली अगस्ती. या दोघांच्या मधोमध जी उंची येते तिथून डावीकडे, म्हणजे पूर्वेला सरका. अगस्तीपेक्षा मंद, तरीही साध्या डोळ्यांना स्पष्ट दिसणारा निळसर-पांढरा तारा लागेल. मुंबई-पुण्याच्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून तीसेक अंश वर असतो. स्टार मॅपचं ॲप असेल तर त्यात 'नाओस' या नावानं शोधा.